राजवाड्याला नेलेले नवे तांदूळ

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या टेबलावर पंचेचाळीस सहली येऊन पडतात. पाचवीच्या मुलांना मी दरवर्षी निबंधाला तोच विषय देते, 'आम्ही केलेली सहल', आणि मुलंही इमानेइतबारे दरवर्षी तेच लिहितात. सकाळी लवकर उठलो. गाडीत बसलो. बगीचा पाहिला. खूप मजा आली. आमच्या गोंदियाची मुलं मराठी लिहिता लिहिता मध्येच हिंदीत उतरतात आणि पुन्हा मराठीत चढतात, त्यामुळे 'बगीचे में झूला पण होता' असली वाक्यं भेटतात. मी लाल पेनाने गोल करते आणि पुढची वही उघडते. यंदा मात्र एका वहीशी अडले. त्या मुलीने लिहिलं होतं, 'आजीला गाडीत जागा नव्हती. ती म्हणाली तुम्ही जा, मी घर राखते. आल्यावर आम्ही तिला फोटो दाखवले. खूप मजा आली.' वाक्यात एकही चूक नव्हती. मी लाल पेनाचं टोपण लावलं.

त्याच दुपारी गावाहून भाऊ आला. मोटारसायकलला अडकवलेली पिशवी त्याने ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मायनं तांदूर पाठवले. येवाले होत नाही म्हने, गुडघे दुखतेत." हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकते आहे. दर कार्तिकात तेच वाक्य, त्याच ओट्यावर, तशाच पिशवीसोबत. पिशवीचं तोंड सोडलं की नव्या तांदळाचा वास स्वयंपाकघरभर होतो. थोडा ओला, थोडा गोड, कोंड्याचा. या वासाला सगळं घर खूश होतं. मला तेवढा तो बारा वर्षांपासून टोचतो.

आमच्याकडे हे दिवस मोठे मोकळे असतात. हलका धान निघून घरात आलेला असतो आणि भारी धान अजून शेतात उभा असतो. मधल्या आठ-दहा दिवसांत माणसाला जरा पाठ टेकता येते. गावोगाव मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, दुपारी लोकनाट्याची दंडार नाचते, नाटकाची पत्रकं भिंतींवर लागतात, लेकी माहेरी येतात. आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडे, तीन मैल आत. मंडईच्या दिवशी आमचं सगळं घर नवे कपडे घालून निघायचं, बाबा पुढे, आम्ही भावंडं मागे. माय खळ्यावर. धान चुरून पसरलेला असे, ढोरं, डुकरं, चिमण्या, कोणाकोणाला हाकलायचं, घरचं कोणीतरी राखणीला पाहिजेच. ते कोणीतरी म्हणजे कोण, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही तिच्यासाठी शेवेची पुडी आणायचो आणि मंडईत काय काय पाहिलं ते सगळे एकदम सांगायचो. ती ऐकायची आणि "होय का वो?" म्हणायची. आम्हाला वाटे, हिला मंडई दाखवून झाली.

नवा तांदूळ निघाला की त्याचाही एक क्रम होता. पहिला देवापुढे, मग सासरी गेलेल्या लेकींच्या घरी, मग आपल्या ताटात. मी लग्न होऊन गोंदियाला आले तेव्हापासून माय दर कार्तिकात स्वतः तांदूळ घेऊन यायची. बाबांच्या जुन्या धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात दोन-तीन शेर तांदूळ, वर घट्ट गाठ, आणि तो गठुडा मांडीवर घेऊन बसमध्ये. पोरीच्या घरी न्यायचा तांदूळ खाली ठेवायचा नसतो, असं तिचं म्हणणं. यायची, एक रात्र राहायची आणि दुसऱ्या दिवशी घाईघाईने निघायची, कारण खळ्यावर कोणी नाही.

बारा वर्षांपूर्वी ती अशीच आली तेव्हा माझ्याकडे पाहुणे होते. माझे मोठे दीर आणि जाऊबाई नागपूरहून दिवाळीला आले होते. आमचं घर नवीन बांधलेलं, पडदे नवे, सोफ्यावरचं प्लास्टिक नुकतंच काढलेलं. जाऊबाई कॉलेजात शिकवणाऱ्या. मी शाळेत शिकवते. शाळा आणि कॉलेज यांतलं अंतर त्या कधी बोलून दाखवत नसत, मीच घरात फिरता फिरता ते मोजत असे. माय दारातून मोठ्याने "बाई, हायेस का वो घरी?" करत आली आणि मी स्वयंपाकघरात नेऊन तिला आधी काय सांगितलं असेल? "माय, त्यांच्यापुढे जरा नीट बोल. 'मले-तुले' नको करू." मराठीची मास्तरीण ना मी. ती म्हणाली, "बरं." त्यानंतर पाहुण्यांपुढे ती जवळजवळ बोललीच नाही. मला वाटलं, चला, ऐकलं हिने.

दुसऱ्या दिवशी दोघे पाहुणे, माझे यजमान, लेक आणि मी, अशा पाच जणांनी सहलीला जायचं ठरलेलं होतं. देवरीच्या पुढे हमरस्त्याने सीमा ओलांडली की छत्तीसगडात एक जुना राजवाडा आहे, भोवती मोठा बाग. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष त्याच्याकडे सरकल्यासारखा वाटतो, आणि त्या बिचाऱ्या वाड्याने काहीच केलं नव्हतं. जाऊबाईच म्हणाल्या, "आईंनाही घेऊ की. गाडीत जागा आहे." माय म्हणाली, "मी कायले येऊ? तुमी जा. घरी कोनी तं पायजे." पण माझी लेक चारू, तेव्हा नऊ वर्षांची, आजीच्या गळ्यातच पडली. मग मायच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. साठी उलटलेली बाई, आणि पहिल्यांदाच नुसतं पाहण्यासाठी कुठे तरी निघालेली. सकाळी पाचलाच न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून ती ओट्यावर बसून होती. आम्ही उठलो तेव्हा आठ वाजले होते.

आमगाव गेलं, देवरी गेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल आलं. माय खिडकीशी बसली होती आणि बाहेर कोणाचा धान कापला, कोणाचा उभा आहे, ते चारूला दाखवत होती. मध्येच म्हणाली, "तुझे आजोबा सांगत, आपले जुने लोकं माळव्यातून आले. आपुन राजाच्याच गावचे. मंजे राजा आपला सोयराच झाला." आम्ही पोवार, स्वतःला माळव्याच्या राजघराण्याचे म्हणवणारे. आमच्यात हे वाक्य लहानपणीच कानात घालतात, मग घरात पितळेचा एक धड गडवा नसला तरी चालतो. सगळे हसले. जाऊबाईही हसल्या, पण चांगल्या हसल्या. कान गरम झाले ते माझेच.

गाडीतून उतरताना मला तो गठुडा दिसला. धोतराचा पांढरा तुकडा, वर घट्ट गाठ. मी तिला बाजूला घेतलं.

"माय, हे काय?"

"तांदूर. थोडेच हायेत, तुह्या डब्यातूनच काढले."

"कशाला?"

"राजाच्या घरी जाऊन रायलो, अन् रिकाम्या हातानं?"

"अगं, इथे आता राजा राहत नाही. तिकीट काढून पाहायला येतात लोक."

तिने मान वर करून सगळा वाडा पाहिला. तीन मजले, रांगेने खिडक्या, वर घुमट. "एवढ्या वाड्यात कोनीच नाही रायत? मंग सांजवात कोन लावते?"

जाऊबाई जवळ येत होत्या. मी म्हटलं, "ते गाडीत ठेव." तिने ठेवलं नाही. पदराखाली घेतलं.

दारावर एक पाटी होती. आतली जुनी फरशी खराब होऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, पिशव्या आत न्यायच्या नाहीत. चपला ठेवायला तिथे काही सोय दिसत नव्हती. आता खरं म्हणजे आमच्या चपलांना कोण हात लावणार होतं? गाडीत ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझ्या मनात एक चित्र तयार झालं. आत माहिती सांगणारा माणूस, भोवती शहरातली माणसं, आणि मध्येच माझी माय पदराखालून तांदळाचा गठुडा काढून विचारते आहे, राजा कुठं हाय. त्या चित्राने माझं तोंड उघडलं.

"माय, तू इथेच बस झाडाखाली. चपला, पिशव्या सांभाळ. वर पायऱ्या फार आहेत. आणि आत पाहण्यासारखं काही नाही, नुसत्या रिकाम्या खोल्या."

मी स्वतः तोवर कधी त्या वाड्यात पाय ठेवला नव्हता.

"बसीन मी," ती म्हणाली. "राखनीची सवय हाय मले." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. माणसाला ज्यावर भांडता येत नाही ते पुढे कित्येक वर्षं घरात येऊन बसतं.

आत रिकाम्या खोल्या नव्हत्या. रंगीत काचांतून फरशीवर लाल-निळं ऊन पडलेलं होतं. एका दालनात झोपाळा होता, चारू त्याच्याकडे बोट दाखवून "आजीला सांगू या" म्हणाली. तळमजल्याच्या मागच्या अंगाला कोठी होती. पितळेच्या पायल्या, मापं, माणूस मावेल एवढे तांब्याचे हंडे. आणि दारावर धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर. अगदी तशीच, जशी माय दरवर्षी विणून आमच्या पडवीत चिमण्यांसाठी टांगते. मी तिथे जरा थांबले. माहिती सांगणारा वयस्क माणूस आमच्या मागून आला आणि त्याच्या हिंदीत सांगू लागला, "नया चावल सबसे पहले यहीं आता था जी. गाँव-गाँव की औरतें लेके आती थीं. रानी साहिबा खुद नीचे उतरकर आँचल में लेती थीं."

जाऊबाई लगेच म्हणाल्या, "अगं निर्मला, आईंना बोलव ना. त्यांना हे सगळं किती आवडेल."

हीच ती वेळ होती. मी जाऊबाईंच्या नावाने बोटं मोडू शकत नाही, ती पळवाटही त्या बाईने ठेवली नाही. दार दहा पावलांवर होतं. पण आता तिला बोलवायचं म्हणजे मघाशी काय बोलले ते कबूल करायचं, आणि तो गठुडा सगळ्यांसमोर यायचा. मी म्हटलं, "नको, तिचे गुडघे दुखतात." रोज गाव ते शेत दोन मैल जाणाऱ्या-येणाऱ्या बाईचे गुडघे! चारूने माझ्याकडे पाहिलं. पोरांना खोटं कळतं, फक्त ते खोटं कशासाठी आहे ते कळत नाही.

मग आम्ही वर गेलो. राणीच्या महालाला बाहेर काढलेली जाळीची खिडकी होती आणि तिथून सगळा बाग दिसायचा. कापून सारख्या केलेल्या मेंदीच्या रांगा, पाणी नसलेलं कारंजं, गुलाबाचे वाफे. सगळे फोटो काढत होते. मी खिडकीतून खाली पाहिलं. झाडाखाली माय बसली होती. आमच्या पाचही जणांच्या चपला तिने जोडीजोडीने एका ओळीत लावल्या होत्या, लहान चारूच्या सर्वांत पुढे. मांडीवर गठुडा होता. ती वाड्याकडे पाहत होती, एकेक खिडकी, डावीकडून उजवीकडे, सावकाश. आमच्या खिडकीवर तिची नजर आली तेव्हा मी पटकन मागे सरले. जाळीतून आतलं माणूस बाहेर दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी सरले.

खाली आलो तेव्हा गठुडा नव्हता.

"तांदूळ कुठे गेले?"

"देले."

"कोणाला?"

"झाडाले पानी देऊन रायला होता त्या मानसाले. वाड्यातला मानूस मंजे तोच एक दिसला मले. गमछ्यात घेतले त्यानं, दोन्ही हातानं. डोक्याले लावले." मग तिने शेजारची ओल्या फडक्यात गुंडाळलेली पांढऱ्या चाफ्याची फांदी दाखवली. "त्यानं हे देलं. राजाच्या घरून बी कोनाले रिकामं नाही पाठवत."

परतीच्या वाटेवर चारू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगत होती. झोपाळा सांगितला, रंगीत ऊन सांगितलं, हंडे सांगितले. माय "होय का वो?" म्हणत होती. आणि मग, पोरच ते, चारू म्हणाली, "आजी, मोठी आई तुला बोलवत होती, पण आई म्हणाली तुझे गुडघे दुखतात. खूप दुखतात का गं?"

गाडीत मी पुढे बसले होते. मागे वळायची माझी छाती झाली नाही. मागून मायचा आवाज आला, "हो बाप्पा. दुखतेत."

पुढच्या कार्तिकात तांदूळ घेऊन भाऊ आला. गुडघे दुखतेत म्हने. त्याच्या पुढच्या कार्तिकातही. मी कधी विचारलं नाही की हे गुडघे धानाच्या रोवणीच्या चिखलात कसे दुखत नाहीत, बोदलकशाला मामाकडे जाताना कसे दुखत नाहीत. माझं खोटं तिने जपून ठेवलं होतं आणि माझ्याच घराच्या वाटेपुरतं वापरत होती. लोक म्हणतात, आईचं मन मोठं असतं. असतं, मान्य आहे. पण मोठ्या मनातही एखादा कोपरा असतो जिथे बाई स्वतःची लाज राखते. तिथे लेकीलाही तिकीट मिळत नाही.

अपराध म्हणावा तर किती लहान. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, झाडाच्या सावलीत बसवलं. कोणाला सांगावं तर समोरचा म्हणेल, एवढंच ना? हे 'एवढंच ना' मी स्वतःलाही बारा वर्षं म्हणून पाहिलं. सुट्टीत माहेरी गेले की तिच्यासाठी साडी न्यायची, औषधं न्यायची, मोबाइल घेऊन दिला. प्रत्येक वेळी ती "कायले आनलं वो?" म्हणायची आणि पेटीत ठेवून द्यायची. मी तिला सगळं दिलं. फक्त जे बोलायचं होतं ते सोडून.

त्या मुलीची वही मिटली आणि रविवारी मी एकटीच गावाला गेले.

माय अंगणात बसून धानाच्या लोंब्यांची झालर विणत होती. आता ती पंच्याहत्तरीच्या आसपास, नेमकं वय तिलाही माहीत नाही. मला पाहून उठली, तीही कशाचा आधार न घेता, आत गेली, पाणी घेऊन आली, परत मांडी घालून बसली. गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात त्या फांदीचा चाफा छपराच्या वर गेला आहे. गावात त्याला 'राजाचा चाफा' म्हणतात. भावजय मागे एकदा सांगत होती, माय बायांना वाड्याचं वर्णन करून सांगते, झोपाळा, रंगीत ऊन, हंडे, सगळं. चारूने गाडीत सांगितलं होतं तेवढंच, त्यात एक शब्द जास्त नाही.

मी तिच्याजवळ भुईवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये तीन वेळा पाठ केलं होतं. शाळेत मुलांना सांगते, पाठ करू नका, समजून लिहा. इथे दोन्ही होत नव्हतं.

"माय, त्या राजवाड्याच्या दिवशी मी तुला खोटं बोलले. आत खूप काही होतं."

ती विणत राहिली. "मालूम हाय. चारूनं सांगतलं होतं."

"पायऱ्यांमुळे नाही ठेवलं तुला बाहेर. मला लाज वाटली. तुझ्या बोलण्याची, गठुड्याची. आणि आत गेल्यावर कळलं, राणी स्वतः खाली येऊन बायांच्या हातचे नवे तांदूळ पदरात घ्यायची. तुझंच बरोबर होतं."

तिचे हात थांबले. "राणी सोता खाली ये?"

"हो."

"पदरात घे?"

"हो."

ती चाफ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला रडू देईल. दोन्ही झालं नाही. मी म्हटलं, "मला त्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरचं आता काही नीट आठवत नाही, माय. वर राणीची खिडकी होती. तिथे उभी राहून मी तुलाच पाहत होते."

"वरून मी दिसत होती तुले?"

"दिसत होतीस."

"माह्या मांडीवरचा गठुडा बी?"

"तोही."

तिने एक लोंबी उचलली, तिचं देठ बोटाने सरळ केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग हाक काऊन नाही मारली वो? मी आली असती ना."